मुरगळलेल्या पायाला नुसता आराम पुरत नाही

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकतीच मुरगळणे, लचकणे आणि स्नायू ताणला जाणे यांवरच्या उपायांची एक चौकट प्रसिद्ध झाली. बर्फ लावावा, घट्ट बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत चालू नये, असा तिचा आशय होता. चौकट चांगल्या हेतूने दिली आहे याबद्दल शंका नाही. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट म्हणून काम सुरू केले तेव्हा पहिली काही वर्षे रुग्णांना जवळजवळ याच शब्दांत सल्ला देत होते, त्यामुळे ती लिहिणाऱ्याला दोष देण्याचा मला अधिकारही नाही. मात्र तिच्यातले शेवटचे वाक्य आता बदलायला हवे. पहिले दोन-तीन दिवस सोडले, तर मऊ ऊतींच्या बहुतेक इजांवरचा मुख्य उपचार आराम हा नसून मापून दिलेला भार हा आहे, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे आणि ते अजून घरोघरी पोहोचलेले नाही, म्हणून हे पत्र.

'मऊ ऊती' हा शब्द पुस्तकी वाटतो, पण त्यात मोडणाऱ्या गोष्टी सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत: स्नायू, स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन म्हणजे कंडरा, आणि हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे लिगामेंट म्हणजे अस्थिबंध. साध्या एक्स-रेमध्ये त्यांची इजा दिसत नाही. 'हाड मोडलेले नाही, काळजी करू नका' एवढे ऐकून माणूस घरी येतो आणि पुढे काय करायचे, हे त्याला कोणीच सांगत नाही. 'यापेक्षा हाड मोडले असते तर परवडले असते' हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकते. त्यात तथ्य आहे, कारण प्लास्टर किती आठवडे ठेवायचे, ते निघाल्यावर व्यायाम कोणते करायचे, पुन्हा केव्हा दाखवायला यायचे, याचा हाडासाठी ठरलेला क्रम असतो. मुरगळीच्या वाट्याला एक क्रेप बँडेज आणि चार गोळ्या येतात.

आराम, बर्फ, दाब आणि उंचीवर ठेवणे या चौकडीला 'राइस' हे नाव अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये दिले. इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द लक्षात ठेवायला इतका सोपा होता की तो प्रशिक्षकांच्या, शाळांच्या आणि दवाखान्यांच्या तोंडी बसला आणि त्यातल्या 'आराम' या शब्दाला मुदत किती, हे विचारायचे राहून गेले. पुढे खुद्द मिर्किन यांनीच, बर्फ आणि संपूर्ण आराम यांमुळे इजा भरून येण्याला मदत होण्याऐवजी विलंब होऊ शकतो, असे जाहीरपणे लिहिले. आपल्याच नावावर असलेला मंत्र माणसाने मागे घेणे ही वैद्यकात रोज घडणारी गोष्ट नव्हे. गंमत अशी की मंत्र मागे घेतल्याची बातमी मंत्राइतकी पसरली नाही.

आरामाने नुकसान का होते हे समजण्यासाठी, इजा झालेल्या जागी नेमके काय चालते ते पाहावे लागते. पहिल्या काही तासांत रक्तस्राव थांबतो आणि पांढऱ्या पेशी तेथे गर्दी करतात. फाटलेले, मेलेले तंतू उचलणे आणि दुरुस्तीचे काम करणाऱ्या पेशींना बोलावणे हे त्यांचे काम. आपल्याला दिसणारी सूज, लाली, उष्णता आणि ठणका हे सगळे याच धांदलीचे परिणाम आहेत. चार-पाच दिवसांनंतर नवे कोलॅजन, म्हणजे ऊतींना बळकटी देणारे तंतुमय प्रथिन, घातले जाऊ लागते, पण ते घाईघाईने घातलेले असते: तंतू बारीक, कमजोर आणि वाटेल त्या दिशेला पसरलेले. पुढच्या काही आठवड्यांत, आणि मोठ्या इजेत वर्षभरापर्यंत, हे कच्चे कोलॅजन काढून त्या जागी जाड आणि भक्कम कोलॅजन भरले जाते. तंतू कोणत्या दिशेला लावायचे आणि किती जाड करायचे, हे पेशींना ताणावरून कळते. पेशीवर पडणाऱ्या ओढीचे रूपांतर तिच्या आतल्या रासायनिक संदेशात होते आणि त्या संदेशाप्रमाणे ती कोलॅजन तयार करते. ओढच नसेल तर संदेशही नाही, आणि मग जे तयार होते ते घर कोणत्या बाजूने भार घेणार हे न विचारता बांधलेल्या भिंतीसारखे असते.

याचा दुसरा भाग म्हणजे न वापरलेल्या स्नायूची झीज. कोपनहेगनच्या संशोधकांनी निरोगी पुरुषांचा एक पाय दोन आठवडे जखडून ठेवला, तेव्हा तरुणांनी त्या पायाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गमावली. पुढे सहा आठवडे सायकलिंग करूनही ती पूर्ण परतली नव्हती. हे कोणतीही इजा नसलेल्या पायाचे झाले. तीन आठवड्यांनी बँडेज सोडून माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाचा पाय मी हातात घेते, तेव्हा बँडेजच्या विणीचे चौकोनी ठसे कातडीवर उमटलेले असतात, घोट्याच्या हाडाखाली पिवळट-हिरवा डाग टाचेपर्यंत उतरलेला असतो आणि पोटरी दुसऱ्या पायापेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी बारीक झालेली असते. सूज खरोखरच उतरलेली असते. पण त्याला त्या एका पायावर उभे राहायला सांगितले की पायाची बोटे जमीन घट्ट पकडायला धडपडतात, घोटा आत-बाहेर थरथरतो आणि चौथ्या-पाचव्या सेकंदाला हात भिंतीकडे जातो.

भार किती लवकर द्यावा याचे सर्वांत स्वच्छ उत्तर मला २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका डॅनिश अभ्यासात मिळाले. मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले गेले. एका गटाचे व्यायाम इजेनंतर दुसऱ्या दिवशी सुरू झाले, दुसऱ्याचे नवव्या दिवशी. व्यायाम तेच, फरक फक्त एका आठवड्याचा. पहिला गट साधारण ६२.५ दिवसांत (हा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यास मधोमध येणारा आकडा) खेळायला परतला, तर दुसऱ्याला ८३ दिवस लागले. सात दिवस थांबण्याची किंमत वीस दिवस, हा हिशेब मी तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला सांगते. आणि लवकर सुरुवात केल्याने स्नायू पुन्हा फाटण्याचे प्रमाण वाढले, असेही त्या अभ्यासात दिसले नाही.

या सगळ्यातून नवी आद्याक्षरे निघाली. २०१२ मध्ये 'पोलीस' आले, ज्यात आरामाच्या जागी संरक्षण आणि योग्य भार हे दोन शब्द बसले. २०२० मध्ये दुबुआ आणि एस्कुलिए या कॅनडातल्या दोघांनी ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमधून 'पीस अँड लव्ह' मांडले. आमच्या व्यवसायाला या आद्याक्षरांचा सोसच आहे, तो सोडून देऊ. त्यातला आशय महत्त्वाचा आहे. पहिले एक ते तीन दिवस इजा वाढेल अशी हालचाल टाळायची, पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा, बेताच्या दाबाने बँडेज बांधायचे, आणि त्यानंतर दुखणे सोसवेल तसा भार वाढवत न्यायचा. घोटा मुरगळला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गरज पडल्यास कुबडी किंवा घोट्याचा पट्टा वापरून, टाच आधी टेकवत नीट पाऊल टाकत चालायला लागायचे. लंगडत पाय ओढण्यापेक्षा कुबडी घेऊन चार नीट पावले टाकलेली बरी.

बर्फाचे काय, हा प्रश्न लगेच येतो. बर्फाने दुखणे कमी होते, आणि तेवढ्यासाठी पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावायला माझी हरकत नाही. त्याने ऊती लवकर भरून येतात असे मानायला मात्र माणसांवरच्या अभ्यासांचा भक्कम आधार नाही. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. 'पीस अँड लव्ह' मांडणारे पहिल्या दिवसांत त्या टाळा म्हणतात, कारण दुरुस्तीची सुरुवातच त्या दाहातून होते. मला त्यांचे म्हणणे पटते, पण ते अंतिम सिद्ध झालेले आहे असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांच्या दोन मोठ्या अमेरिकन संघटनांनी २०२० मध्ये संयुक्तपणे दिलेल्या सूचनांत, कंबरदुखी सोडून अशा ताज्या इजांसाठी पहिली पसंती वरून लावायच्या दाहशामक जेलला दिली आहे, गोळीला नाही. चोळण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. मांडीला जोराचा मुका मार लागून आत रक्त साकळले असताना पहिल्या दिवसांत ती जागा रगडून चोळली किंवा कडक शेकली, तर रक्तस्राव वाढतो, आणि अशा मारानंतर कधी कधी स्नायूच्या आत चक्क हाड तयार होऊ लागते. हे मी पाहिलेले आहे. माझ्या एका रुग्णाचा गुडघा त्यामुळे कित्येक महिने काटकोनापलीकडे वाकत नव्हता.

कंडरांचे दुखणे हे वेगळे प्रकरण आहे आणि तेथे गैरसमज अधिक आहेत. टाचेमागची अकिलिस कंडरा, गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा किंवा टेनिस एल्बो म्हणून ओळखले जाणारे कोपराचे दुखणे महिनोन्महिने टिकते तेव्हा तेथे नेहमीच्या अर्थाने 'सूज' फारशी नसते. कोलॅजनची वीण बिघडलेली असते. कंडरेची दुरुस्ती मुळातच संथ. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा मागोवा घेऊन डॅनिश संशोधकांनी दाखवले की अकिलिस कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. असा गाभा सांभाळून असलेल्या कंडरेला पंधरा दिवसांत बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्याकडे संशयाने पाहावे.

तिच्यावरचा उपाय स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडला आणि तो ऐकून तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहायचे, चांगल्या पायाच्या जोरावर टाचा उचलायच्या आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली उतरवायची. गुडघा ताठ ठेवून १५ वेळा अशी तीन आवर्तने, गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीन, आणि हे दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८० वेळा, बारा आठवडे, दुखत असतानाच. इतर उपाय थकलेले १५ हौशी धावपटू या क्रमाने पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. अभ्यास छोटा होता, पण त्याने दिशा बदलली. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये दिसले की आठवड्यातून तीनदा, जास्त वजनाने आणि संथ गतीने केलेले व्यायामही तितकेच उपयोगी पडतात, आणि ते लोक जास्त नेमाने करतात. रोज १८० टाचा मोजणे भल्याभल्यांना जमत नाही, हे माझ्याही अनुभवाचे आहे.

व्यायाम करताना दुखले तर थांबायचे का? आम्ही वापरतो तो नियम असा: शून्य ते दहाच्या मापावर दुखणे पाचपर्यंत गेले तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आले पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. तसे झाले नाही तर व्यायाम बंद करायचा नाही, वजन कमी करायचे. हा नियम ऐकल्यावर रुग्णाच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो मला कोणत्याही यंत्राने आणता आलेला नाही. दुखणे म्हणजे पुन्हा फाटणे, ही भीती कित्येकांना इजेपेक्षा जास्त काळ अडवून ठेवते, आणि 'हलवलेस तर कायमचे अधू होशील' असे कोणी वडीलकीने बजावलेले असले की ती आणखी घट्ट बसते.

भाराच्या मार्गाला धीर लागतो, म्हणून सुईची वाट सोपी वाटते. टेनिस एल्बोच्या १६५ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांना पहिल्या काही आठवड्यांत चांगलाच आराम पडला, पण वर्षअखेरीस त्यांच्यातील ५४ टक्क्यांचे दुखणे उलटले होते, तर नुसत्या मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. रुग्णाचेच रक्त काढून त्यातल्या बिंबाणूंचा (प्लेटलेट्सचा) अंश टोचण्याच्या, पीआरपी नावाच्या उपचाराची जाहिरात आज खूप दिसते. जुनाट अकिलिसदुखीच्या २४० रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत, असे इंजेक्शन आणि नुसते सुई टोचल्याचे नाटक यांत फरक आढळला नाही. आम्हा फिजिओथेरपिस्टांचेही हात स्वच्छ नाहीत. ताज्या मुरगळीवर अल्ट्रासाउंड यंत्र फिरवण्याने फायदा झालाच तर नगण्य होतो, हे कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात येऊनही आमच्या अनेक दवाखान्यांत रुग्णाचा अर्धा वेळ त्या यंत्राखाली जातो. रुग्णालाही ते आवडते, कारण त्याला स्वतः काही करावे लागत नाही.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. गुडघ्याचे पुढचे क्रूसीय लिगामेंट (एसीएल) तुटलेल्या १२१ तरुणांवरील स्वीडनमधल्या २०१० च्या चाचणीत, लगेच शस्त्रक्रिया झालेले आणि आधी व्यायाम करून गरज पडली तरच शस्त्रक्रिया असे ठरवलेले, यांची दोन वर्षांनंतरची स्थिती सारखीच होती, आणि दुसऱ्या गटातल्या साठ टक्क्यांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. तुटलेल्या अकिलिस कंडरेबाबत नॉर्वेतील २०२२ च्या मोठ्या चाचणीतही वर्षानंतरच्या कार्यक्षमतेत फरक नव्हता. मात्र कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के, तर शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के होते. हा फरक ज्याला मोठा वाटतो त्याने शस्त्रक्रिया निवडावी. त्यात चूक काही नाही.

माझ्या म्हणण्याचा अर्थ प्रत्येक लचक घरीच चालून बरी करावी, असा कोणी घेऊ नये. एक्स-रे केव्हा काढावा यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये दिलेले नियम साध्या माणसालाही वापरता येतील असे आहेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकावर वा मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरांत दाबल्यावर दुखत असेल. पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरचा किंवा आतल्या कमानीवरचा हाडाचा उंचवटा दाबल्यावर दुखत असेल. किंवा इजेच्या वेळी आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. अकिलिस कंडरा तुटते तेव्हा मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते आणि माणूस वळून पाहतो, तर मागे कोणी नसते. फसवी गोष्ट अशी की त्यानंतरही पाऊल थोडे खाली दाबता येते, कारण इतर स्नायू शाबूत असतात, आणि त्यावरून 'फक्त लचकले आहे' असे ठरवले जाते. रुग्णाला पालथे झोपवून पोटरी हाताने दाबावी; पाऊल हलले नाही तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. अंग बधिर होणे, दुखणे तासागणिक वाढत जाणे, पोटरी दगडासारखी टणक होणे ही लक्षणे असतील तर सकाळची वाटही पाहू नये. आणि अलीकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीचे प्रतिजैविक घेतले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे; त्या औषधांनी कंडरा कमजोर होऊ शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ पासून त्यांवर छापायला लावला आहे.

आणखी एका गोष्टीकडे चौकटीत अजिबात लक्ष दिले गेले नव्हते: दुखणे थांबले म्हणजे काम संपले, असे नसते. घोटा एकदा मुरगळलेल्यांपैकी पुष्कळांचा तो पुन्हा पुन्हा मुरगळत राहतो, कारण लिगामेंटबरोबर सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी यंत्रणाही दुखावलेली असते आणि ती आपोआप सुधारत नाही. त्यासाठी एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून, मग उशीसारख्या डळमळीत पृष्ठभागावर, असा काही आठवड्यांचा सराव लागतो. मांडीमागच्या स्नायूंसाठी, गुडघ्यांवर उभे राहून कोणाला तरी घोटे धरायला सांगून सावकाश पुढे झुकण्याचा नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार तो सरावात घेतलेल्या संघांत या स्नायूंच्या इजा जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. त्याला साहित्य म्हणाल तर फक्त एक धरणारा माणूस लागतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी ही चौकट छापताना 'सूज पूर्ण उतरेपर्यंत चालू नये' हे वाक्य काढून टाकावे, बर्फाच्या पिशवीच्या चित्राऐवजी कोठे दाबून पाहायचे हे दाखवणारे घोट्याचे चित्र द्यावे, आणि खेळायला परतण्यापूर्वी दुखऱ्या पायावर किती वेळा टाच उचलता येते हे मोजून चांगल्या पायाशी ताडून पाहावे, अशी एक ओळ घालावी. दोन्ही आकडे जुळत नसतील, तर पाय दुखत नसला तरी अजून तयार नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक आणि फिजिओथेरपिस्ट